दुसऱ्या डोळ्याची मुदत

गेले पाच-सहा महिने भिंगकाकांच्या घरात साबणावरून कुरबुर चालू होती. काकांचं म्हणणं एकच: शर्ट मळकट निघतात, कॉलर पिवळी दिसते, साबण पूर्वीसारखा राहिला नाही. बायकोने एकदा साबण बदलला, दुसऱ्यांदा बदलला, तिसऱ्यांदा वर नीळ घातली. तरी काका शर्ट खिडकीशी नेऊन, उजेडात तिरपा करून बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी एका सकाळी बायकोने शेजारणीलाच बोलावून शर्ट दाखवला. शेजारीण म्हणाली, पांढराशुभ्र आहे की. बायको काकांकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत? आता शर्टाला गुण देणं बंद करा आणि मुकाट्याने घाला."

गुण देणं हा काकांचा धंदाच होता. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर जुनी नाणी तपासून देणारं कार्यालय होतं आणि तिथे काका एकतीस वर्षं परीक्षक होते. लोक आपली दुर्मिळ नाणी पाठवायचे. नाणं अस्सल आहे का आणि किती जपलं गेलंय, हे बघून त्याला सत्तरपैकी गुण द्यायचे, मग कडक पारदर्शक डबीत ते कायमचं बंद करायचं आणि डबीवर आकड्याची पट्टी चिकटवायची, एवढं काम. सत्तर का आणि शंभर का नाही, या भानगडीत कुणी पडत नसे. पण त्या आकड्यावर नाण्याची किंमत ठरायची. बासष्ट आणि पासष्ट यांत अंतर तीन गुणांचंच, पण पासष्टवाला चार लोकांना बोलावून डबी दाखवतो आणि बासष्टवाला ती कपाटात टाकून विसरून जातो.

काकांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग कायम लटकलेलं असे, अगदी भाजी आणायला जातानाही. एकदा टोमॅटोला भिंग लावताना भाजीवाल्याने त्यांना पकडलं आणि तेव्हापासून गल्लीत नि कार्यालयात ते भिंगकाका झाले.

कार्यालयाचा नियम कडक होता. नाण्याचा मालक कोण, हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही. दोन परीक्षकांनी वेगवेगळं बघायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकायचा. दोघांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर निवाडा मालकीणबाईंचा. दुसरा परीक्षक म्हणजे मालकीणबाईंचाच जावई. त्याला सगळे जावईबापू म्हणत, आणि तो नाण्यांबरोबर खेळाडूंची कार्डंही तपासायचा. गेलं दीड वर्ष दोघांत वारंवार फरक पडत होता. काका कमी द्यायचे, जावईबापू जास्त. मालकीणबाई दर वेळी काकांचा आकडा उचलायच्या, कारण काकांचा डोळा म्हणजे काकांचा डोळा. जावयाला मात्र ऐकावं लागायचं की त्याचा हात सैल आहे.

मध्यंतरी एक गंमत झाली होती. जावईबापूंच्या टेबलावरचं एका फलंदाजाचं कार्ड उचलून काका म्हणाले होते, कागद जुना आहे, कडा पिवळ्या पडल्यात. जावई म्हणाला, "काका, हे मागच्या महिन्यात छापलंय. शाई नीट वाळली असेल तरी खूप." सगळे हसले. काकाही हसले, पण नंतर दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले. दिवे बदलले वाटतं, असं त्यांनी दोनदा विचारलं.

दिवे बदलले नव्हते, हे नक्की ठाऊक असलेली एकच व्यक्ती तिथे होती. आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली, पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी. ती सगळं मोजायची. नाण्याचं वजन, जाडी, दिव्याचा उजेड. चहा गार व्हायला किती मिनिटं लागतात, हेही तिने एकदा लिहून ठेवलं होतं. काकांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. नाव ठेवलं तरी जीव लावला. नाणं कडेने कसं धरायचं, तिरपं केल्यावर झळाळी त्याच्या अंगावरून कशी फिरते आणि घासलेल्या जागी कशी अडखळते, हे त्यांनी तिला महिनाभर हात धरून शिकवलं.

त्या मोजपट्टीने एका शुक्रवारी दुपारी काकांना वजनाच्या खोलीत बोलावलं. काट्याला वारा लागू नये म्हणून त्या खोलीचं दार घट्ट बंद व्हायचं. तिने टेबलावर दोन फोटो ठेवले आणि ही नाणी ओळखता का, असं विचारलं. चांदीचं नाणं, वर शिडाचं जहाज. काकांनी भिंग लावलं आणि दोन क्षणांत सांगितलं की ही दोन नाणी नव्हेत, एकच आहे. जहाजाच्या पोटाखाली बारीक खोच दिसतेय, ती दोन्हीकडे तीच.

"बरोबर," ती म्हणाली. "कुणीतरी डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवलं."

यात नवल नव्हतं. गुण मनासारखे मिळाले नाहीत की लोक असं करतातच. तीन वर्षांपूर्वी या नाण्याला पासष्ट मिळाले होते, मालकाला सहासष्ट हवे असणार. गेल्या महिन्यात त्याला बासष्ट मिळाले, असं तिने सांगितलं.

"मग गेल्या महिन्यात बघणारा चुकला," काका म्हणाले. "बंद डबीत नाणं तीन गुणांनी उतरत नाही. जावईबापूंना सांग, एवढे सैल होतात ते होतात, आणि आवळायला गेले की हे असं."

मोजपट्टीने दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या फोटोंशेजारी ठेवल्या. दोन्हींवर अक्षर काकांचं होतं.

काका आधी दिव्यावर घसरले. तिने सांगितलं, दिवा मोजलाय, तोच आहे, तेवढाच आहे. मग ते म्हणाले, कुणीतरी मधे नाणं धुतलं असेल. तिने फोटो पुढे सरकवले. झळाळी तशीच होती. मग तिने धीर करून उरलेलं सांगितलं. जुन्या चिठ्ठ्या संगणकात भरताना तिला एक गोष्ट दिसली होती. तांब्याच्या आणि सोन्याच्या नाण्यांना काकांचे गुण होते तसेच होते. फक्त पांढऱ्या चांदीचे दीड वर्षापासून हळूहळू खाली येत होते.

"माझ्या डोळ्यावर शंका घेतेस? तुझ्या जन्माआधीपासून नाणी बघतोय मी."

"म्हणूनच तुमची चिठ्ठी तुमच्याच चिठ्ठीशी ताडली, काका. दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीशी ताडायचं माझं धाडस झालं नसतं."

तिने एक डबा उघडला. त्यात निळ्यापासून हिरव्यापर्यंत रंगांच्या सोळा चकत्या होत्या. रंगांच्या क्रमाने लावा, एवढंच ती म्हणाली. काकांनी रागारागाने, पण नेहमीच्या निगुतीने चकत्या लावल्या. तिने त्या एकेक उलटल्या. मागे आकडे होते. हिरव्या बाजूचे सरळ आले. निळ्या बाजूला मात्र तीननंतर सहा, सहानंतर दोन, असा सगळा गोंधळ. तिने समजावलं की डोळ्यातही एक भिंगच असतं. ते वयाने पिवळट झालं की निळा प्रकाश आतच अडकतो आणि पांढरं ते मळकट दिसायला लागतं. काका ऐकत होते की नाही, कोण जाणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर आकडे चिकटवलेला माणूस त्या चुकलेल्या आकड्यांकडे बघत उभा होता. मग गळ्यातलं भिंग खिशात टाकून ते वेळेआधी घरी निघून गेले.

घरी पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी मोजे काढले आणि बायकोला विचारलं, हे दोन्ही काळेच ना? एक काळा होता आणि एक गडद निळा. बायकोने ते आठ-दहा दिवसांपूर्वीच पाहिलं होतं, पण नवरा विसराळू होत चाललाय, असं समजून सोडून दिलं होतं. काकांनी मग दुपारची हकिकत सांगितली. एरवी प्रत्येक वाक्याला परतफेड करणारी ती बाई नुसती शेजारी येऊन बसली.

"आंधळा होईन याची भीती नाही वाटत," काका म्हणाले. "पण दीड वर्षाच्या डब्या आहेत बाहेर. त्यांच्यावर माझे आकडे आहेत."

"उद्या डॉक्टरांची वेळ घेते," बायको म्हणाली. थोड्या वेळाने तिने एवढंच जोडलं, "साबणाची माफी मागा म्हणत नाही मी आत्ता. नंतर बघू."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं आणि घाबरू नका, रोजचं काम आहे म्हणाल्या. आधी उजवा, पंधरा दिवसांनी डावा. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, डावा दोन महिने लांबवता येईल का? बाईंनी पेन खाली ठेवलं. मोतीबिंदू लवकर काढा म्हणणारे रोज भेटतात, राहू दे म्हणणारा पहिलाच.

"ठेवून काय करणार, आठवण म्हणून?"

काकांनी समजावून सांगितलं. एका डोळ्याला खरं दिसेल आणि दुसऱ्याला गेल्या दीड वर्षात दिसत होतं तसंच. मग प्रत्येक शंकेचं नाणं आधी नव्या डोळ्याने बघायचं आणि मग जुन्या. म्हणजे कुठला गुण नाण्यामुळे कमी होता आणि कुठला डोळ्यामुळे, हे वेगळं काढता येईल. दोन्ही डोळे एकदम साफ झाले, तर चूक कुठे आणि कशी झाली, ते त्यांना पुन्हा कधीच दिसणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. डोकं दुखेल, जिना उतरताना जपावं लागेल, असं बजावून त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. वर एक दिवसही नाही.

पट्टी निघाली त्या सकाळी काका घरी आले ते थेट दोरीवरच्या शर्टापाशी गेले. उजव्या डोळ्याने पाहिला, हात आडवा धरून डाव्याने पाहिला, पुन्हा उजव्याने. न्हाणीघराच्या फरशीला निळी नक्षी आहे, हे त्यांना विसरायला झालं होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. काका म्हणाले, "साबण चांगला आहे." तिने तेच माफी म्हणून धरून घेतलं.

कार्यालयात मात्र एवढं सोपं गेलं नाही. काकांनी मालकीणबाईंना सगळं सांगितलं आणि मोजपट्टीने काढलेली यादी पुढे ठेवली. दीड वर्षातली शंकेची एक्केचाळीस चांदीची नाणी. सगळी परत मागवावीत, फुकट तपासावीत, आकडे बदलावे लागले तर बदलावेत. मालकीणबाईंनी यादी वाचली, उलटी करून ठेवली आणि विचारलं की यातल्या कुणी तक्रार केलीय का. कुणीच केली नव्हती. मग आपणच दवंडी पिटायची की आपण चुकलो? लोक डबीकडे बघून डोळे मिटून पैसे मोजतात, ते उद्या मोजतील का? त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. त्या म्हणाल्या, काकांनी इथून पुढे नव्या डोळ्याने काम करावं, मागचं मागे राहू द्यावं.

"मागचं मागे राहत नाही, बाई. ते लोकांच्या कपाटात आहे, माझ्या अक्षरात." काका उभेच होते. "नवा डोळा मी काय शर्ट बघायला बसवून घेतलाय? ही एक्केचाळीस नाणी बघू देणार नसाल, तर बेचाळिसावं माझ्याकडे पाठवू नका."

मोजपट्टी जमिनीकडे बघत होती. तेवढ्यात कोपऱ्यातून जावईबापूंचा आवाज आला. "सासूबाई, पत्रं मी लिहितो."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर खाली बसला असता.

"दीड वर्ष माझा हात सैल म्हणून ऐकतोय," तो म्हणाला. "तो सैल नव्हता, हे एक्केचाळीस लोकांना कळवायची संधी मी सोडणार नाही."

पहिल्यांदा काका हसले, मग मोजपट्टी, आणि शेवटी नाइलाजाने मालकीणबाईही. पण पत्र जायच्या आधी मी वाचणार, असं त्यांनी ठणकावलं. वाचलं, एक शब्द बदलला आणि खाली स्वतःची सही केली. काकांनी जिन्यात जावयाला गाठून सांगितलं की आकडे तुझेच बरोबर होते, मी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. जावई म्हणाला, अजून वेळ गेली नाही, सोमवारी सगळे असतात. काकांनी सोमवारी खरंच सांगितलं.

सहा आठवड्यांत बत्तीस नाणी परत आली. काही विकली गेली होती, काहींकडून उत्तर नाही. काका प्रत्येक नाणं नव्या डोळ्याने बघून आकडा लिहीत, मग नवा डोळा तळव्याने झाकून जुन्याने बघत आणि शेजारी दुसरा आकडा लिहीत. जावईबापूंची चिठ्ठी नेहमीसारखी वेगळ्या पाकिटात. मोजपट्टी दोन रकाने भरत होती. दुपारी काकांचं डोकं ठणकायचं, तेव्हा ती दिवा बंद करून चहा आणायची आणि सांगायची, अकरा मिनिटं थांबा, मग पिण्याजोगा होईल.

शेवटच्या आठवड्यापर्यंत बत्तीसही तपासून झाली. तेवीस नाणी वर गेली. सहांना दोन्ही डोळ्यांनी एकच आकडा दिला. ती खरोखरच पिवळट होती, काकांनी तेव्हाही बरोबरच पाहिलं होतं. त्या सहांचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी बायकोला दुपारी फोन केला. तीन मात्र खाली आली. जुन्या धूसर डोळ्याला न दिसलेले केसाएवढे चरे नव्याला दिसले. ती तीन होती तशीच राहू द्यावीत, असं मालकीणबाईंनी सुचवून पाहिलं. काका म्हणाले, डोळा सुधारला तो काय फक्त वर बघायला सुधारला? मालकीणबाईंनी त्या तिघांना स्वतः फोन केले. एकजण चिडला. दोघे म्हणाले, वर जाणारे आकडे ऐकून आम्हाला शंकाच आली होती, आता बरं वाटलं.

तेहतिसावं नाणं टपालाने आलंच नव्हतं. डाव्या डोळ्याची तारीख सोमवारी होती आणि आधीच्या गुरुवारी त्या नाण्याची मालकीण स्वतः जिना चढून आली. निवृत्त बसकंडक्टर. टपालावर तिचा विश्वास नव्हता. नाणं तिने जुन्या चामडी तिकिटपिशवीत आणलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी सुट्ट्या पैशांत हे चांदीचं नाणं दिलं होतं. तिने स्वतःच्या खिशातून तेवढे पैसे हिशेबात टाकून ते ठेवून घेतलं. निवृत्त झाल्यावर डबीत घालून घेतलं, बासष्ट गुण. आता समोर बसून बघणार, नाहीतर परत नेणार, असं तिने सांगितलं.

एकतीस वर्षांत काकांनी नाण्याच्या मालकासमोर बसून काम केलं नव्हतं. मालकीणबाईंनी हात उडवले. नियम या महिन्यात इतके मोडले होते, की आणखी एकाने काही बिघडणार नव्हतं.

काकांनी डबी उघडवली, नाणं कडेने धरलं, तिरपं केलं. नव्या डोळ्याला ते पांढरं, मऊ झळाळीचं दिसलं आणि कडेने फिरलेली एक बारीक निळी रेघ दिसली. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षांनी आपोआप चढते तशी; रसिक लोक तिच्यासाठी जीव टाकतात. मग त्यांनी तळवा धरला. जुन्या डोळ्याला नाणं राखेसारखं होतं आणि कड काळपट. पूर्वीच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं: कडेला मळ. मग जावईबापूंनीही नाणं बघून चिठ्ठी पाकिटात टाकली आणि ते पाकीट उघडलं. दोघांचेही पासष्ट.

"तीन वाढले," काका म्हणाले.

कंडक्टरबाईला आनंद झाला नाही. "उगीच वाढवू नका. मी हे रोज हातात घेते. पिवळट पडलंय, कडेला काळं आहे. तुमचा पहिला आकडा बरोबर होता."

तेहतीस जणांत कमी गुण मागणारी ही एकटी. मोजपट्टीने वही खाली ठेवली. काका त्या बाईकडे बघत राहिले, तिच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या ब्लाउजकडे त्यांनी पाहिलं आणि मग विचारलं, "बाई, तुमच्याकडे साबण कितव्यांदा बदललाय?"

"चौथ्यांदा. का? तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून डॉक्टरीणबाईंचं कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि स्वतःची सगळी कहाणी सांगितली, शर्टापासून मोज्यांपर्यंत. बाई ऐकता ऐकता पुढे झुकली.

"म्हणजे ही कड काळी नाही?"

"निळी आहे."

"मला नाही दिसत."

काकांनी तळव्याने नवा डोळा झाकला आणि ती बघत होती तिथेच बघितलं. "मलाही नाही," ते म्हणाले. मग हात काढला. "आता दिसते. तुम्हालाही दिसेल."

तिने कार्ड हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा पिशवीत घातलं. मग निक्षून सांगितलं की आकडा आत्ता चिकटवायचा नाही. दुसऱ्याच्या डोळ्यावर तिने कधी तिकीटही फाडलं नव्हतं. आधी ती स्वतः बघेल, पटलं तर पासष्ट. नाणं तोवर इथेच राहू दे, टपालापेक्षा हा माणूस बरा दिसतो.

ती जिना उतरेपर्यंत काका वरून बघत उभे होते. मोजपट्टीने विचारलं, वहीत काय लिहू?

"पासष्ट लिही, पेन्सिलने," काका म्हणाले. "शेजारी लिही, मालकिणीने बघायचं बाकी." मग नाणं मऊ कागदात ठेवता ठेवता त्यांनी त्याची कड पुन्हा एकदा, सोमवारच्या आधी शेवटची, दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहून घेतली.